कानबाईच्या दिवशी बदललेलं कुलूप

मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी कारखान्यात नक्की काय काम करायची. तुमच्या आईने "कॉम्प्युटर डिपार्टमेंटमध्ये होती" असं सांगून विषय संपवला. ते खोटं नाही, पण त्यावरून तुम्हाला वाटेल की मी यंत्र चालवत होते. यंत्र चालवणारी माणसं वेगळी होती. यंत्रात काही बदललं की ते बाकीच्या सगळ्यांना लिहून कळवणं हे माझं काम. त्यातल्या एका सूचनेची गोष्ट सांगते.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. सुरतेतली प्लेगची घबराट ओसरून शहर पुन्हा भरलं होतं. पांडेसऱ्यात आमचा कापड रंगवायचा आणि छापायचा मोठा कारखाना होता. कामगार बहुतेक खानदेशातले, वरचे साहेब बहुतेक गुजराती, आणि माझ्यासारखे काही नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेले. कंपनीने एक मेनफ्रेम घेतली होती. म्हणजे दोन-तीन कपाटांएवढा एकच मोठा संगणक, काचेच्या थंडगार खोलीत ठेवलेला. चपला बाहेर काढून आत जायचं. कारखान्यात जागोजागी त्याला जोडलेले पडदे आणि कळफलक होते, आणि प्रत्येक विभागाचं काम त्यावर चालायचं.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, पुढे एम.ए.ही इंग्रजीतच. म्हणून परदेशी कंपनीकडून संगणकाच्या नव्या आवृत्तीबरोबर जे जाडजूड कागद यायचे, ते वाचून त्यातलं आपल्याला लागणारं एका पानात लिहायचं काम माझ्याकडे आलं. सूचना टंकलिखित व्हायची, शिपाई ती एका लांबट वहीबरोबर विभागाविभागात फिरवायचा, प्रत्येक जण वाचून सही करायचा, वही माझ्याकडे परत यायची. सगळ्या सह्या आल्या की मी वहीवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. या पद्धतीचा मला अभिमान होता.

त्या वर्षी आलेली नवी आवृत्ती कुलपांची होती. काही विभागांच्या फाइली गुप्त असायच्या. त्यांतली अक्षरं ठरलेल्या गणिताने उलटीपालटी करून ठेवलेली असायची आणि ज्याच्याकडे गुप्त शब्द आहे त्यालाच ती सुलटी वाचता यायची. याला एन्क्रिप्शन म्हणतात. तुमच्या फोनमध्ये हे दिवसभर तुम्हाला न विचारता चाललेलं असतं. नव्या आवृत्तीत हे गणितच बदललं होतं, आणि जुनं गणित यंत्रातून काढून टाकणार होते. म्हणून ज्यांच्या फाइलींना जुनं कुलूप होतं त्यांनी बदलाच्या आधी आपापली फाइल आपल्या शब्दाने उघडून, कुलूप काढून, तशीच जतन करायची होती. बदल झाल्यावर तिला नवं कुलूप लागणार होतं. जो हे करणार नाही त्याची फाइल जागेवरच राहणार होती, पण ती कोणालाच वाचता येणार नव्हती, खुद्द मालकालाही.

हे मी सूचनेच्या सातव्या मुद्द्यात लिहिलं. नवव्या मुद्द्यात लिहिलं की नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या असतील, एक फाइलीच्या मालकाकडे आणि दुसरी कंपनीकडे. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं की आपला गुप्त शब्द कोणालाही सांगू नये, संगणक विभागालासुद्धा नाही. सगळं शुद्ध, नेमक्या इंग्रजीत.

बदलाचा दिवस कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मुद्दाम श्रावणातला तो रविवार धरला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. देवीची स्थापना, भाऊबंदांचं जेवण, दुसऱ्या दिवशी विसर्जन. त्या दिवशी कामगार येतच नाहीत, त्यामुळे यंत्रं तशीही बंद असतात. संगणक बंद ठेवायला याहून चांगला दिवस कुठला, असं साहेब म्हणाले आणि मलाही ते पटलं.

रविवारी अकराच्या सुमारास मी माझी यादी घेऊन काचेच्या खोलीत बसले. मुंबईहून आलेला इंजिनिअर पाच वाजता काम सुरू करणार होता. कुलूपवाल्या फाइली सतरा होत्या. सोळांपुढे नवी तारीख दिसत होती, म्हणजे मालकांनी त्या उघडून जतन केल्या होत्या. सतराव्या फाइलीची तारीख जुनीच होती.

ती रंगमास्तरांची फाइल होती.

रंगमास्तर म्हणजे आमच्या रंगशाळेचे प्रमुख, पंचावन्नच्या आसपासचे. अठराव्या वर्षी नंदुरबारकडच्या एका खेड्यातून सुरतेला आले आणि रंगाच्या हौदावर मजूर म्हणून लागले. कुठला रंग किती, किती उष्णता, किती वेळ, हे त्यांनी बघून बघून वह्यांत टिपून ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी कंपनीने त्यांच्याकडून ते सगळं संगणकात भरून घेतलं. त्यांनी दोन बोटांनी, आकडे आणि खुणा वापरून, आठ महिने बसून ते भरलं. मग गुप्ततेसाठी म्हणून कंपनीने वह्या त्यांच्याच देखत बॉयलरमध्ये टाकल्या. आता कारखान्याच्या सगळ्या रंगांची कृती जगात एकाच ठिकाणी होती, आणि ती उघडणारा शब्द एकाच माणसाच्या डोक्यात.

मी वही काढली. त्यांची सही होती. वळणदार, मराठीत, पूर्ण नाव.

रंगशाळेत फोन केला. तिथला जुना गुजराती मदतनीस हजर होता.

"मास्तर तो बारडोली गया छे, बेन. भावाकडे. कानबाई छे ने."

"त्यांनी सूचना वाचली होती ना?"

तो म्हणाला, "बेन, मास्तरला इंग्लिश क्यां आवडे छे, येतं कुठे? शेवटची जाडी लाइन मी वाचून दाखवली होती, कोणाला सांगायचं नाही ती. बाकी सही तर करायचीच ना, तुमच्याकडून आलेलं."

मी फोन ठेवला. मी इतकी वर्षं सह्या मोजत होते आणि समोरच्याला इंग्रजी येतं का हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि मास्तर तरी कसे विचारणार? बाईंनी पाठवलेला कागद समजला नाही म्हणणं त्यांना अपमानाचं वाटलं असणार, माझा की त्यांचा ते देव जाणे.

साहेबांच्या घरी फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "बेन, सही आहे ना? मग तुमची जबाबदारी संपली."

"पण साहेब, फाइल गेली तर रंग कसे काढायचे?"

"मास्तर आहेत. त्यांना पाठ असेल. आणि नसेल तर त्यांनी उत्तर द्यावं, वाचल्याची सही त्यांनी केली आहे."

इंजिनिअरही बधेना. रात्रीच्या गाडीने त्याला परतायचं होतं. एकदा नवी आवृत्ती चढली की जुनी परत आणायला आठवडा लागला असता, कारखाना तोवर ठप्प, आणि एका फाइलीसाठी ते कोणी करणार नाही, हे त्याने मला सरळ सांगितलं. खूप विनवल्यावर म्हणाला, "साडेपाच. त्यापुढे एक मिनिट नाही, मॅडम."

मी कंपनीची जीप मागवली. बारडोलीपर्यंत साधारण तासाभराची वाट. वर पावसाची भुरभुर, दोन्ही बाजूंना गुडघ्यावर आलेला ऊस. मी वाटभर मनात वाक्यं जुळवत होते आणि ती सगळी इंग्रजीतच जुळत होती.

घर साखर कारखान्याच्या वसाहतीजवळ होतं. त्यांचा थोरला भाऊ तिथे कामाला होता. ओटीवर पन्नासएक माणसं. आत चौरंगावर कानबाई बसवायची तयारी चालली होती, नारळाला नथ आणि डोळे लावलेले, बाजूला बायका गाणी म्हणत होत्या. रंगमास्तर नवं धोतर नेसून चौरंगापाशी बसले होते. मला दारात बघून ते ताडकन उठले.

"बाई? तुम्ही इथे? कोणाचं काही झालं का?"

"कोणाचं काही नाही. तुमची फाइल."

त्यांनी मला ओटीच्या टोकाला नेऊन खुर्ची दिली. त्यांच्या वहिनी चहा घेऊन आल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "ताई, कानबाईचा प्रसाद, रोट, देता येत नाही बरं का. तो घरच्याच माणसांनी खायचा असतो. राग मानू नका."

मी कसला राग मानणार? मी घड्याळाकडे बघत होते. सव्वादोन झाले होते.

मी मास्तरांना सांगितलं की पाच वाजता यंत्रात बदल होतोय, त्याआधी त्यांची फाइल उघडून ठेवायला हवी. वेळ वाचवावा म्हणून पुढे म्हणाले, "तुम्हाला यायला जमत नसेल तर शब्द मला सांगा, मी उघडते."

त्यांचा चेहरा कठोर झाला.

"तुम्हीच लिहिलंय, बाई. कोणाला सांगायचा नाही. तुमच्या ऑफिसलापण नाही."

"लिहिलंय, पण आता..."

"आता काय? रंगशाळेत नवा केमिस्ट घेणार, त्याची मुलाखत झाली म्हणतात गेल्या आठवड्यात. साहेबांनी पाठवलं का तुम्हाला?"

"साहेबांनी पाठवलं नाही. ते तर म्हणाले, सही आहे, जबाबदारी संपली."

"मग असं कसं, की आजच, कानबाईच्याच दिवशी, माझा शब्द पाहिजे?" ते हळू पण कडक आवाजात बोलत होते. "रोट आम्ही बाहेर देत नाही. बघितलं ना तुम्ही? काही गोष्टी घरातच राहतात."

जवळ उभे असलेले दोघे-तिघे भाऊबंद आता आमच्याकडे बघायला लागले होते. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "काय व्हयनं रे?" मास्तरांनी हातानेच त्याला थांबवलं.

मी पुन्हा सुरुवात केली. जुनं गणित, नवं गणित, अक्षरांची उलटापालट. मला माझंच बोलणं ऐकू येत होतं आणि ते सूचनेसारखंच होतं. ते खाली फरशीकडे बघत होते. मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. त्यांच्या उजव्या हाताची नखं तेवढी जांभळी होती, आंघोळ-पूजा करूनही न निघालेली.

"मास्तर," मी म्हणाले, "कापड एका रंगात पक्कं रंगलेलं आहे आणि त्यावर आता दुसरा रंग द्यायचाय. तर काय करता?"

"आधी उतरवून घ्यायचा. पांढरं करायचं. मग दुसरा."

"न उतरवता दुसऱ्या हौदात घातलं तर?"

"नासलं. ना पहिला राहतो ना दुसरा लागतो."

"पाच वाजता हौद बदलतोय. तुमचं कापड अजून जुन्या रंगात आहे. सोळा जणांनी उतरवून घेतलंय, तुमचंच राहिलंय."

ते म्हणाले, "असं होतं तर असं का नाही लिहिलं?"

ते आत गेले. बायकोचा आवाज आला, "आते जातस? पाहुणा बठेल शेतस!" आणि त्यांचा, "आरतीले अजून टाइम शे. जाईसन येस." ते धोतरावरच येऊन जीपमध्ये बसले.

अर्ध्या वाटेवर, कडोदऱ्याच्या जवळपास, त्यांनी विचारलं, "उतरवल्यावर नवं लागेपर्यंत फाइल उघडी राहणार?"

"दोन तास. मी यंत्रापाशीच बसेन, उठणार नाही."

"आणि नव्या कुलपाची किल्ली? माझ्याचकडे ना?"

हाच प्रश्न मला नको होता. ड्रायव्हर ऐकत होता. मी हो म्हटलं असतं तर ते कारखान्यात येऊन फाइल उघडून देणार होते, आणि मला तेवढंच हवं होतं. नवव्या मुद्द्यावर त्यांची सहीही होती.

"नाही," मी म्हणाले. "एक तुमच्याकडे आणि एक कंपनीकडे."

"कंपनी म्हणजे साहेब?"

"हो."

"मला न विचारता उघडू शकतील?"

"उघडू शकतील. पण कोणी आणि कधी उघडली ते पडद्यावर दिसेल."

त्यांनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. खाली उतरून ते उसाच्या कडेला, पावसात, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. साडेतीन वाजत आले होते. मला कळत होतं की ते आता माघारी फिरले तर रंगांच्या कृती कायमच्या जातील, पण त्या दुसऱ्या कोणाच्या हातातही पडणार नाहीत. वह्या जाळल्या तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. या वेळी निर्णय त्यांच्या हातात होता आणि त्यांना घाई करायचा मला काही हक्क नव्हता. मी जीपमध्ये बसून राहिले. घड्याळ बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघत होते.

ते परत आले, मानेवरचं पाणी पुसलं आणि म्हणाले, "लग्नसराईचं लाल मंगळवारपासून काढायचंय. माझा पुतण्या आहे त्या हौदावर, अजून तीस जण आहेत. रंग चुकला की लॉट परत येतो आणि पोरांना बोलणी बसतात. चला."

कारखान्यात पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. चपला बाहेर काढून ते काचेच्या खोलीत आले. इंजिनिअर आणि मी भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागे दोन बोटांचा टकटक आवाज.

"चुकला म्हणतोय."

"पुन्हा करा," इंजिनिअर म्हणाला. "सावकाश. तीनदा चुकला तर फाइल बंद होते."

पुन्हा टकटक. मास्तर पुन्हा "चुकला" म्हणाले.

"मॅडम," इंजिनिअर माझ्या कानाशी म्हणाला, "यांना शब्द आठवत नाहीये."

मास्तरांनी ते ऐकलं. "शब्द मला झोपेतपण आठवतो, साहेब," ते म्हणाले. त्यांनी कळफलकावर हात फिरवला, दोन-चार बटणं नुसती हलकेच चाचपली. "ही बटणं हलकी आहेत."

"म्हणजे?"

"माझ्या रंगशाळेतलं एक बटण अडकतं. वाफेने. मी ते दोनदा दाबतो तेव्हा एकदा उमटतं. तीन वर्षांची सवय आहे. इथे दोन्ही वेळा उमटत असणार."

"मग इथे एकदाच दाबा," इंजिनिअर म्हणाला.

"एकच खेप राहिलीय ना? मग मी माझ्या जागेवर बसूनच करणार."

रंगशाळा कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला. मदतनीस दार उघडून उभाच होता. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मास्तर त्यांच्या डगमगत्या स्टुलावर बसले, धोतर सावरलं, आणि या वेळी आम्ही पाठ फिरवायच्या आतच त्यांची बोटं चालू झाली. एका बटणावर दोनदा ठोका बसला.

पडदा आकड्यांनी भरला. मदतनीस मोठ्याने "हाश" म्हणाला. मी सांगितलं तसं मास्तरांनी कुलूप काढलं, फाइल जतन केली, आणि तारीख बदललेली स्वतः वाचून घेतली. पाच वीसला मी इंजिनिअरला फोनवरून हो सांगितलं. जीप मास्तरांना घेऊन आरतीसाठी बारडोलीला परत गेली. मी दोन तास यंत्रापाशी बसले आणि उठले नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला अधिक आनंदाने सांगितली असती. दिवाळीनंतर नवा केमिस्ट खरंच रुजू झाला. एके सकाळी मास्तरांनी मला रंगशाळेत बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. फाइल आदल्या दिवशी उघडली गेली होती. त्यापुढे साहेबांची खूण होती.

"हेच ना ते, तुम्ही जीपमध्ये म्हणालात?"

"हेच."

"माझ्याबरोबर येता? मला इंग्रजीत काही दाखवलं तर तुम्ही असलेलं बरं."

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. मास्तर उभ्यानेच बोलले. "साहेब, कंपनीची फाइल आहे, उघडा. पण मला सांगून उघडा. शिकवायला मी नाही म्हटलेलं नाही कोणाला."

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "बेन, दुसऱ्या किल्लीचं यांना सांगायची काय गरज होती?"

"सूचनेतच होतं, साहेब. नववा मुद्दा. यांनी सही केलेली आहे," मी म्हणाले.

साहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले. शेवटी म्हणाले, दुसरी किल्ली वापरण्याआधी मालकाला कळवायचं, असा नियम लिहून आणा. मास्तरांना बढती मिळाली नाही की कोणी माफी मागितली नाही. मिळाला तो एवढा नियम.

मी तो त्याच दुपारी लिहिला, चार ओळींत, मराठी आणि गुजराती दोन्हींत, आणि शिपायाला न देता स्वतः रंगशाळेत घेऊन गेले. मास्तर हात धुऊन स्टुलावर बसले आणि मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "थांबा. आता मी सांगतो, तुम्ही बघा बरोबर आहे का." आणि त्यांनी सांगितलं: "ही फाइल ज्याने बनवली तो तिचा मालक. साहेबांकडे दुसरी किल्ली आहे. ती लावायच्या आधी मालकाला सांगायचं. लावली की पडद्यावर दिसतं, रोज सकाळी बघत जा."

शेवटची ओळ माझ्या मसुद्यात नव्हती. मी माझा कागद फाडला आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं टंकून घेतलं.